शंभर वाव

ओसरीवर बापाने हात फैलावले
आणि मोजायला घेतलं:
एक वाव, दोन वाव…
छातीवरून दोरी सरकत होती,
पांढरी, शिवणाच्या दोऱ्याहून जराशी जाड.
सत्तेचाळीसला थांबला.
"इतलें सूत कित्याक रे?
मासो कारवारा वतलो?"

मी म्हटलं, मोज.

डोळे गेल्यापासून तो बोटांनीच बघतो.
सोयरू पागी. तळपणच्या मुखावर
चाळीस वर्षं पागेर मारला,
जाळ्याची कड दातात, दोरी मनगटाला.
दोरी संपते तिथे माणूस सुरू होतो,
मधे आणखी काही असतं
हे त्याला पटत नाही.

माझी काठी म्हणजे त्याला चेष्टा.
हवेत चाबूक ओढतोस, म्हणतो,
आणि गळाला काय, तर कोंबड्याचं पीस.
(कोंबडा आमचाच.
शेपूट अजून पुरती आलेली नाही.)

गेल्या दसऱ्यानंतर, ओहोटी लागताना,
चोणक लागला.
हिरवी दोरी, साडेआठ हजारांची, पंधरा वाव,
शिट्टी मारत पाण्यावरून गेली.
मागची गाठ पहिल्या कडीला आली
आणि अडली.
काठी वाकलेली, मी वाकलेला,
तिकडे तो,
सगळ्यांचा जीव तांदळाच्या दाण्याएवढ्या गाठीत.
मग एकदम सगळं हलकं झालं.

हाती राहिलं पांढऱ्या दोरीचं टोक,
डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं.
बापाने ते बोटांत घेतलं, ओठांवरून फिरवलं.
"तुटूंक ना," म्हणाला. "सुटल्या."
तुटली तर दोरीचा दोष, आणि सुटली तर…
पुढचं बोललाच नाही,
पेजेचा वाडगा ओढून घेतला.

मी वीजखात्यात लाइनमन.
खांबावर, पावसात, एका हाताने
तारेला जोड मारतो.
पण तार पळत नाही.
जोडावर दिवा लागला की काम संपलं.
हा जोड मात्र पळायला हवा,
अरुंद कड्यांतून, अंग चोरून,
आणि पलीकडे जाऊनही धरून राहायला हवा.

म्हणून आज परत.
हिरव्या दोरीचं टोक दुमडलं.
त्या फाशातून पांढरी आत.
मग वेढे, एकाला एक खेटून,
बारा, एकावर एक चढू न देता.
आणि ज्या बाजूने आत शिरली
त्याच बाजूने बाहेर.
तेव्हा इथेच चुकलो होतो,
घाईत परसदाराने काढली होती.
थुंकी लावली. ओढलं, पण हळू,
झोपलेल्या पोराच्या हातातून
खेळणं काढावं तसं.
टोकं तिरपी कापली.
वर सुलक्षाचं नेलपॉलिश, जांभळं,
दुसरं घरात नव्हतं.

बापाने नख फिरवलं.
"लागता."
कापली. पुन्हा बांधली.
"लागता."
तिसरीला साडेअकरा वाजले.
चौथीला त्याने नख फिरवलं, परत फिरवलं,
उलट्या बाजूनेही फिरवलं,
आणि काही न बोलता
रीळ माझ्याकडे सरकवलं.

पांढरी दोरी पोटात ताणून भरली.
वर्ष-वर्ष ती वर येत नाही.
लेपे, शेवटे, हातभर तांबसे,
यांच्यासाठी हिरवी पुरते.
खालच्या काळोखात शंभर वाव
नुसते बसून असतात,
मीही विसरतो
आपल्याकडे इतकं आहे ते.

मार्गशीर्षातली सकाळ.
बाप वाळूच्या पट्टीवर, डोक्याला टॉवेल,
पाय पाण्यात.
मी कमरेएवढ्यात.
लागला तेव्हा मला वाटलं तळ लागला.
मग तळच समुद्राकडे निघाला.

हिरवी संपत आली.
मी कड्यांकडे बघितलं नाही.
टिक्‌. टिक्‌टिक्‌. टिक्‌…
नऊ कड्या, नऊ वेळा,
उंबऱ्याला पैंजण घासावं एवढाच आवाज.

आणि ती पांढरी दोरी
पहिल्यांदा उन्हात आली,
कोरडी, कोरी, थोडी घाबरल्यासारखी.

मागून बाप म्हणाला,
"गांठ गेली.
आतां धांवूंक दी."