पाठ फिरवणारी बाकं

डर्वेंट नदीवरच्या त्या फेरीबोटीला
तोंडं दोन होती, शेपूट नव्हतं.
बेलरीव्हहून निघायची, होबार्टला टेकायची
आणि न वळताच परत यायची.
वळायचं ते उतारूंनी.
पितळी कडी धरून बाकाची पाठ
पलीकडे ढकलायची, खट्,
की मागचं सगळं पुढे.
ऐलतीर, पैलतीर,
एका खट्चा फरक.

मर्विन टॉलिंग दोर टाकायचा.
अठ्ठावीस वर्षं, त्याच खुंटावर,
न बघता, दुसऱ्या हातात चहा.
माणसं तो बुटांवरून ओळखायचा:
गोदीवाल्यांचे, कारकुनांचे,
सफरचंदं खोक्यांत भरणाऱ्या बायकांचे,
आणि मिस हेझलडीनचे, राखाडी,
डावी टाच झिजलेली.
खिडकीपाशी तिसरं बाक.

मग पूल झाला.
बँड वाजला, फेरीनेही भोंगा दिला,
शहाण्यासारखा.
आधी रात्रीची फेरी गेली, मग दुपारची.
शेवटी बोट शेवाळ्यासकट नुसती बांधून ठेवली
आणि मर्विन शाळेच्या फाटकावर बसू लागला.
गरज सरो...
पुढची म्हण कुणी पुरी केली नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी रात्री
जस्ताची माती भरलेलं जहाज
पुलाच्या खांबांवर आदळलं.
रस्ता अधांतरी संपला.
जे त्या टोकावरून खाली गेले
त्यांच्याविषयी मर्विन कधीच बोलला नाही,
मीही इथे बोलत नाही.

पहाटे त्याच्या दारावर थाप पडली.
धक्क्यावर रांग, टेकडीपर्यंत,
आणि एवढ्या माणसांचा आवाज नाही.
त्याने दोर टाकला.
चुकला. पाण्यात पडला.
कुणी हसलं नाही.
ओला दोर ओढून त्याने पुन्हा टाकला,
या वेळी बघून.

बूट नवे होते, टाच तीच.
तिसऱ्या बाकावर एक पोरगा बसलेला,
पुलाच्या वयाचा,
दूर जाणाऱ्या धक्क्याकडे तोंड करून.
पाठ फिरते हे त्याला ठाऊकच नव्हतं.
मिस हेझलडीनने त्याला उठवलं नाही,
कडी दाखवली.
खट्.
पोरगा खूश. खट्. पुन्हा खट्.
आजूबाजूचे दोघे-तिघे, त्या सकाळीसुद्धा,
जरासे हसले.

नदीच्या मध्यावर आले तेव्हा
खिडकीत ती पोकळी आली,
दोन खांबांमधलं नुसतं आभाळ.
तिने त्याचा हात कडीवरच
धरून ठेवला.
बाकाची पाठ उभी राहिली,
ना इकडे, ना तिकडे.