वजनांचा रकाना

मार्चच्या आत वजनं ठरवायची आहेत.
घेर : एका सेंटिमीटरला किती रुपये.
सरळपणा : दहापैकी एका गुणाला किती.
गाभा, आतला तो तेलकट, वाळवीला न जुमानणारा,
त्याच्या एका टक्क्याला किती.
फुलोरा लवकर आला तर वजा,
कारण शेंडा फुलला की सागाचं खोड तिथेच दुभंगतं.
हे मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते
आणि दर वर्षी कुणीतरी हसतं.

शहापूरच्या पुढे, खर्डीच्या अलीकडे आमचे साडेचारशे साग.
चांगो निरगुडा टेप धरतो, आकडा ओरडतो, मी लिहिते.
एकशे बाराला त्यानं टेप लावलीच नाही.
"ह्यो वाकडा. ह्याचं काय मापायचं?"
वाकडेपणही मापायचं असतं, चांगो.
"मंग मापा तुमी," म्हणाला, आणि विडी पेटवली.
तीन, मी लिहिलं. दहापैकी तीन.
कोवळं पान चुरगळलं, तळवा लाल झाला.
लाल तळव्याला रकाना नाही. असायचं कारणही नाही.

कळव्याला मावजीभाईंची वखार.
सरळ ओंडक्याला जास्त किती देता?
करवत थांबेपर्यंत तेही थांबले.
"आठ फुटी सरळ निघाला तर दीडपट.
पण बेन, तुमचं झाड कापणार कधी?"
तीस वर्षांनी.
ते स्वतःच्या केबिनच्या दाराकडे बघत राहिले.
दार फायबरचं. त्यावर सागाच्या रेषा छापलेल्या,
गाठीसुद्धा,
दर दोन फुटांवर तीच गाठ.

दीडपट, मी लिहून घेतलं.

दिवाळ्याला मी मासळीसाठी गेले होते, कामासाठी नाही.
जेट्टीपाशी उपडी होडी, तिच्याखालून हसुराम बाहेर आला.
"तुमी झारांच्या हापिसान ना?
एक वाकरं लाकूर गावंल का?
सरल नको. सरल कापून वाकरं केलं
का त्याचा धागा तुटतं, मंग बरगरी तुटतं."
बिस्किटांच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा त्यानं हातात दिला :
बरगडीचा नमुना.
मी तो उभा धरला, खाडीच्या उजेडात,
आणि ओळखलं.

साडेचारशेत एक झाड, एका होडीसाठी.
सरासरी हलत नाही.
सरळपणापुढचं अधिक चिन्ह मी पुन्हा तपासलं,
अधिकच आहे, अधिकच राहील,
आणि जानेवारीच्या विरळणीत खालचे चाळीस जातील
त्यात एकशे बारा असेल.
चांगोला फोन केला : तोडाल तेव्हा
बाक आहे तिथे करवत लावू नका.
"कशाला?" म्हणाला.
सांगते, म्हटलं.

पुठ्ठा फाइलीत ठेवलाय.
दुमडला असता तर बसला असता.
फाइल नीट मिटत नाही.