पट

मे महिन्यात आम्ही दारोदार फिरतो,
पटनोंदणीचा तक्ता, निळं पेन, पाण्याची बाटली घेऊन.
विट्यापासून अकरा किलोमीटरवर वाडी,
शाळेला दोन खोल्या, एक चिंच,
आणि पटावर अठरा नावं.
वीस हवीत.
वीस हा आकडा केंद्रप्रमुख फोनवर हळू उच्चारतात,
दवाखान्यातल्या माणसाचं नाव घ्यावं तसा.

शालन दारातूनच म्हणाली,
"तुमची शाळा वाईट न्हाई ओ बाई,
पण सव्वासातला पिवळी गाडी म्हसोबापाशी येती,
धाकटी जाऊ तिच्या पोरीला टाय लावून चढवती.
मग माझ्याच पोरानं पिशवी घिऊन चालत जायाचं व्हय?"
'कारण' या रकान्यात मी लिहिलं :
वाहनाची सोय.

सुखदेव सुट्टीला आलेला, त्रिचूरहून.
गलाईच्या ॲसिडानं बोटं पिवळी पडलेली.
"सातवीपर्यंत इथंच शिकलो. पाढं अजून तोंडपाठ हायती,
तोळा-मासा मशिनच्या आधी सांगतो.
पण बँकेत फॉर्म आला की
शेजारच्या माणसाच्या हातात पेन द्यावं लागतं."
त्याची लेक ओट्यावर बसून
भुईमुगाच्या शेंगा मल्याळीत मोजत होती.
तिचं कुठंच काही अडत नव्हतं.
मी लिहिलं : पालक स्थलांतरित.

जैबून मुलाणींनी चहा ठेवला.
"पुस्तकं फुकट, कापडं फुकट, खिचडी फुकट.
फुकट म्हटलं की आमच्या ह्यांना त्यात खडंच दिसत्यात.
आता पंचवीस हजार भरल्यात,
तर पोराला ताप असला तरी शाळेत धाडत्यात."
यासाठी रकाना नव्हता.
चहा चांगला होता.

शेवटचं दार पत्र्याचं.
वैजंता बागेतले फुटवे काढून नुकतीच आलेली,
नखं अजून हिरवी.
"लिवा, श्रेयशचं नाव लिवा.
ह्यांचं म्हणणं, इंग्लिशला घालू. पैसं हुतं की,
गटाचं उचललं असतं.
पण मी आठवी शिकलीया, बाई.
तिकडं घातलं तर त्याच्या वहीत काय लिवलंय
ते मला कळायचं न्हाई.
दिसभर त्यो माझा नसतोयच,
रातच्याला वही तरी माझी असू दे."

मी नाव लिहिलं. अक्षर जरा मोठं आलं.
तांब्या पुढं करत तिनं सहज विचारलं,
"तुमचा कंच्या शाळंत?"
मी पाणी प्याले. अख्खा तांब्या.
"विट्यात," म्हणाले.
विट्यात मराठी शाळाही आहेत;
तिनं माझ्यासाठी त्यातलीच एक धरली असावी.
"झ्याक," म्हणाली.

परतताना गाडीवर वारं तोंडावर येत होतं
आणि मी माझाच रकाना भरत होते.
टाय नाही, पिवळी गाडी नाही.
मला ठाऊक आहे
वर्षातले किती दिवस मी फळ्यापाशी नसते.
मतदार याद्या, घरं मोजणं, शौचालयं मोजणं,
तांदळाचा हिशेब, फोटो काढून पाठवणं,
आणि हा तक्ता.
मी चांगली शिकवते. शिकवते तेव्हा.
माझ्यासारख्या बाईच्या वर्गात
मी माझं मूल घालू शकले नाही.
एवढं लिहायला त्या रकान्यात जागा तरी किती,
दोन बोटं.

रात्री जेवणं झाल्यावर तक्ता पसरला,
बेरीज मोठ्यानं केली : एकोणीस.
पुन्हा केली. एकोणीसच.
आर्चितनं रंगीत वहीतून मान वर केली.
"मम्मी, एकोणीस म्हणजे किती?"

ओठांवर त्याचा शब्द आला होता,
पण नाही दिला.
माझे दोन्ही हात त्याच्यासमोर धरले.
पुरेनात.
तेव्हा त्यानं आपले दोन्ही हात
माझ्या हातांशेजारी आणून ठेवले,
शाई लागलेले, दहाही बोटं ताठ.

मी माझी करंगळी मिटली.