बशी

त्या वर्षी मोनाहनच्या आमच्या वासरांना
माणसांसारखे दंड फुटले.
पाठी अशा, की वर ताट मांडून जेवावं.
मांडीत बोट रुतायचं नाही.
मॅलकी काका म्हणायचा, गवत चांगलंय यंदा.
गवत दरवर्षीसारखंच होतं.

पावडर सीमेपलीकडून यायची, रात्री,
कोकरांच्या दुधाच्या पिशवीतून.
देवदूताची धूळ म्हणत तिला.
बाबा ती उघड्या हातांनी पेंडीत कालवायचे.
हातमोजे डॉक्टरांना, म्हणायचे.

मी नऊ वर्षांची. मला एकच काम, टॉर्च धरायचा.
एकदा कालवडीच्या बरगडीवर हात ठेवला तर
आत कुणीतरी पळत होतं,
उभ्या जनावराच्या आत,
जीव खाऊन, कुठेच न पोचता.

मार्चमध्ये इन्स्पेक्टर आले, युजीन क्वाली.
पायपुसण्यावर बूट तीनदा पुसले.
गोठा पाहिला, मूत बाटल्यांत भरलं,
चिकटपट्टीवर सुबक अक्षरात आकडे घातले.
आल्या माणसाला कोरडं पाठवत नाहीत आमच्याकडे,
मग तो सरकारी का असेना.
आईनं लग्नातल्या कपबश्या काढल्या.

आणि बाबांची बशी वाजायला लागली.
बारीक.
लांबून ट्रॅक्टर यावा आणि खिडकीची काच थरथरावी, तशी.
बाबांनी दुसरा हात लावला.
तोही तसलाच.
आई मोठ्यानं बोलू लागली,
डिम्पनाच्या बाळाबद्दल, रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल,
मध्येच उगाच हसली.
मिस्टर क्वाली बशीकडे बघत राहिले,
मग स्वतःचा कप त्यांनी इतक्या हळू खाली ठेवला
की आवाजच झाला नाही.
बाकी बरंच विसरले मी. ते हळू ठेवणं नाही.

गुरुवारी त्यांची गाडी जळाली, त्यांच्या दारात.
आत कुणी नव्हतं.
आत कुणी नव्हतं, हे आमच्या घरात
जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखं म्हटलं जायचं.
रविवारी चर्चमध्ये बाबा
मेणबत्त्यांपासून लांब बसले.

बाटल्या कुठेतरी हरवल्या.
मिस्टर क्वालींनी बदली मागून घेतली, असं म्हणतात.
कालवडी रोखीनं गेल्या,
आणि त्या पैशांतून माझे पुढचे दात सरळ झाले.
फोटोत छान दिसतात.

बाबा आता एक्याऐंशीचे.
हात तसेच आहेत; वय झालं, असं डॉक्टर सांगतात,
आणि आम्ही माना डोलावतो.
चहा त्यांना मोठ्या मगमध्ये देतो, अर्धाच भरून.
खाली बशी
कुणी ठेवत नाही.