बाराव्या अंकातलं बटण

नायकाला शाई कमी लागते.
हे मी कुणाला सांगत नाही, पण शाईवाला ओळखून आहे:
महिन्याला दोन बाटल्या,
त्यातली दीड एकट्या कोंते नेब्बियाची.
त्याचा डगला, त्याची सावली, सावलीची सावली,
आणि तो मागे सोडून जातो ते धुकं,
जे कागदावर पांढरंच असतं,
म्हणून त्याच्या कडेकडेने काळं भरत जावं लागतं
खाली पहिली ट्राम वळेपर्यंत.

नायकाचं काय, चार रेषांत उभा राहतो.
हनुवटी, छाती, केसांचा कोंबडा, आणि बरोबर असणं.
अठ्ठावीस अंक झाले, त्याला काहीच नको आहे.
ज्याला काही नको
त्याच्या डोळ्यांत मी भरू काय?

कोंतेला हवंय.
त्याचं गाव धरणाखाली गेलं, असं बाल्दोने लिहिलं,
वर आल्प्सच्या कुशीत, नकाशात नसलेलं.
चर्चचा कळस तेवढा उन्हाळ्यात वर येतो
आणि ट्युरिनचे लोक होडीतून जाऊन त्याला हात लावतात,
फोटो काढतात, सँडविच खातात.
तो म्हणतो, तुमचे दिवे ज्या विजेवर लागतात
ती माझ्या आईच्या चुलीवरून वाहत येते.
खोटं काय आहे यात?
एकोणिसाव्या पानापर्यंत त्याचं सगळं बरोबर असतं.
विसाव्यावर तो अख्खं शहर बुडवायला निघतो
आणि तिथेच घोडं पेंड खातं.
बाल्दो म्हणतो, चांगला खलनायक म्हणजे
ती एकोणीस पानं.
मी म्हणते, छे. बटण.

कारण बाराव्या अंकाच्या वेळी मला ताप होता.
डगल्याचं तिसरं बटण भरायचं राहिलं.
छापून आलं तेव्हा जीभ चावली,
म्हटलं, आता सिन्योर गारिल्यो पैसे कापणार.
पत्रं आली. एकशे चाळीस.
मोटारीच्या कारखान्यातला एक फिटर विचारत होता,
याच्या घरी कुणी नाही का?
आस्तीची एक बाई:
माझ्याकडे तसंच बटण आहे, पाठवू?
आणि उत्तराची वाट न बघता पाठवलंच तिने,
शिंगाचं, चार भोकांचं.

तोवर लोक त्याला नुसते भीत होते.
आता भीत होते, आणि
याला थंडी वाजत असेल, असंही त्यांच्या मनात येत होतं.
ही दोन्ही एकदम.
एवढी वर्षं टाक बुडवतेय, मला दुसरी व्याख्या सापडलेली नाही.

त्या जागी मी पुन्हा कधी बटण भरलं नाही.
कॉलर बदलली, हातमोजे बदलले, एकदा मिशीसुद्धा;
ती जागा मोकळी.
माझा नवरा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.
त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

मार्चमध्ये वरून हुकूम आला: चाळिसाव्या अंकात मारा.
नायकाला बाजूला सारून हाच भाव खाऊन जातो,
बिस्किटांच्या जाहिरातवाल्यांना चालत नाही.
बाल्दो दोन दिवस बोलला नाही, मग पानं आणून ठेवली
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कॉफीच्या डागासकट.
शेवटची चौकट: तो पाण्यात, उलटा,
आपल्याच गावावरच्या पाण्यात, कळसाशेजारी.
हात पसरलेले. डगला फुगलेला.
रात्रभर पाणी भरलं. पाणी फार शाई पितं.

आणि तिसऱ्या बटणाच्या जागी
एक दोरा काढला. केसाएवढा.
सुई नाही, गाठ नाही,
कुणीतरी शिवायला घेतलं असावं
आणि मधेच दारावर थाप पडली असावी, तसा.
गारिल्यो भिंग लावून पान बघतो.
त्याला तो कागदाचा तंतू वाटला. फुंकर मारली त्याने.

अंक शुक्रवारी आला. शनिवारी
कोपऱ्यावरच्या पेपरच्या टपरीपाशी
फेर्रुच्यो, दूधवालीचा, नऊ वर्षांचा,
गुडघ्यावर अंक, नाक कागदाला टेकलेलं.
नायकाचा जयजयकार मागच्या बाजूला होता.
पान उलटलंच नव्हतं त्याने.
"सिन्योरा एर्सिलिया," तो म्हणाला,
"हे कोण शिवत होतं?"

मी पाव आणायला निघाले होते.
म्हटलं, माहीत नाही.
खरंच माहीत नव्हतं.