रेघ

आनेग्रेट आली तेव्हा मी आमसुलं वाळत घालत होते.
तिला हवी होती एक खोली
आणि वेंगुर्ल्याच्या वखारीवर आलेला एक मेलेला माणूस.
टेबलावर कागद पसरले:
योहान गेओर्ग, योहान मिखाएल, योहान याकोब.
मी म्हटलं, आई हाक मारायची तर धावत कोण यायचं?
हसली. पहिलं नाव देवाचं, म्हणाली,
घरात चालायचं ते दुसरं,
पाद्री त्याच्याखाली रेघ ओढायचा.
एक याकोब आधीही होता, आठ महिन्यांचा.
तो गेल्यावर तेच नाव पुढच्याला,
थोरल्याचं झबलं धाकट्याला घालावं तसं.

आमच्यात उलटं, मी सांगितलं.
चुलतसासऱ्यांच्या आधीची तीन गेली,
मग यांना सुपात घालून
मूठभर कोंड्याला शेजारणीला विकलं, परत घेतलं,
नाव ठेवलं धोंडू.
सटवीला वाटावं, दगडच आहे, कशाला न्या.
ब्याण्णव वर्षं जगले, भांडखोर.
तिनं लिहून घेतलं. 'ध'शी पेन्सिल अडखळली.

उन्हं कलल्यावर टेकडीवर गेलो.
करवंदीच्या जाळीत सात दगड. एकावर
तिच्या लिपीत 'योहान' एवढंच,
पुढं सुकलेलं शेवाळ.
बाटलीतलं पाणी ओतून तिनं बोटानं चाचपलं.
देवाचं नाव शाबूत होतं.
घरातलं खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेलं.

उतरताना विचारलं तिनं,
तुझ्या कुठल्या नावाखाली रेघ?

रेशनकार्डावर मी शालिनी. बँकेत शालिनी.
ते नाव ताटातल्या तांदळात लिहिलेलं,
अंगठीनं, मुंडावळ्यांतून वाचलेलं.
ते तांदूळ नंतर कुणाच्या पोटात गेले, ठाऊक नाही.
त्याआधी एकोणीस वर्षं मथुरा.
माहेरच्या कुलवृत्तांतात तीही नाही,
तिथं 'एक कन्या, विवाहित'.
मथू म्हणणारा शेवटचा माझा भाऊ,
स्वतःला ऐकू येत नाही म्हणून
देवगडहून फोनवर ओरडायचा,
'मथू गो, जेवलंस?'
फाल्गुनात तो गेला.

यातलं काहीच मी तिला सांगितलं नाही.
रात्री तिच्या वहीत माझं नाव दिसलं: घरमालकीण, शालिनी.
पेन्सिल मागून घेतली,
पुढं मथुरा लिहिलं, तिला वाचता येईल अशा अक्षरांत,
खाली रेघ ओढली. वाकडी आली.

'माटूरा,' तिनं वाचलं, अगदी चुकीचं,
आणि माझ्या तोंडून
ओ गेली.