चार रात्रींचा हिशेब

तेमुकोतल्या आमच्या स्वयंपाकघरात जानेवारीचा उकाडा,
टेबलावर दोन कागद, त्यांच्यावर मीठदाणी,
वाऱ्याने उडू नयेत म्हणून.
एकावर केबिन : तळ्याकाठी, लाकडी,
आठ माणसांची भांडी, जळणावरची चूल,
एक होडी. वल्हं एकच,
असं मालकाने प्रामाणिकपणे कळवलेलं.
दुसऱ्यावर हॉटेलचा स्वीट : दोन खोल्या,
रात्री पलंग होणारा सोफा, पोहायचा तलाव,
न्याहारी दहापर्यंत.

मी बस चालवतो. मला आकडे कळतात.
केबिन चाळीस हजार पेसोंनी स्वस्त,
शिवाय आपण घरचंच करून खाऊ, म्हणालो मी,
आणि तो "आपण"
नोएमीने टेबलावरून असा उचलला
जसा पावात सापडलेला केस उचलतात.

"आपण म्हणजे कोण, ओस्वाल्दो?"

मांस मी भाजेन, म्हटलं, रोज.
"आणि जाळी कोण घासेल?"
मुलं तोवर आपापली बाजू घेऊन मोकळी झालेली :
दामियानला होडी,
रायेनला लिफ्ट. फक्त लिफ्ट.
वर जायचं, खाली यायचं, एवढंच.

नोएमी एकोणीस वर्षं इस्पितळात पलंग आवरते.
दिवसाला बावीस.
चादरीचा कोपरा ती डोळे मिटून दुमडते.
कधीकधी झोपेतही तिचे हात
माझ्या पायांपाशी तो कोपरा शोधत येतात.
"एकदा," ती म्हणाली, "फक्त एकदा
मी फिरून परत यावं
आणि पलंग आवरलेला असावा."

मी मीठदाणी उचलली.
केबिनचा कागद उडाला. उडू दिला.

पुकोनला ज्वालामुखी ढगात होता, चारही दिवस.
तो खिडकीतून दिसेल म्हणून जास्तीचे पैसे मोजलेले;
दिसल्या त्या गाड्या, ओळीने उभ्या.
रात्री भिंतीपलीकडे कुणाचं बाळ रडे
आणि आम्ही चौघं कुजबुजत बोलायचो,
स्वतःच्याच सुट्टीत पाहुणे असल्यासारखे.
मला पायरीवर जाऊन बसावंसं वाटे.
पायरी नव्हती. गालिचा होता.
दामियान खिशात दगड घेऊन हिंडला,
फेकायला पाणी मिळेना.
रायेन लिफ्टने एकशे चौदा वेळा.
तिनेच मोजलं.

दुसऱ्या दिवशी दारावर टकटक.
कोवळी पोर, गाड्यावर टॉवेलांचा ढीग.
नोएमी फिरायला गेलीच नाही. दारात उभी राहून बघत राहिली.
पोरीचा कोपरा चुकत होता, मलासुद्धा कळत होतं.
नोएमीची बोटं दोनदा हलली.
मग तिने हात पाठीमागे धरले,
शाळेत धरतात तसे.
निघताना बक्षिशी तिने टेबलावर ठेवली नाही,
गादीच्या कोपऱ्याखाली सरकवली,
जिथे पलंग आवरणाऱ्याचाच हात जातो.

परतताना मी न विचारता गाडी कच्च्या रस्त्याला वळवली.
तीही काही बोलली नाही.
केबिन कागदावरच्यापेक्षा काळी होती,
ओल्या लाकडाचा धूर, चावऱ्या घोडमाश्या,
तळं अगदी पायाशी.
ज्वालामुखी तेवढ्यात दिसला
असं सांगायला मला आवडलं असतं. ढगच होते.
दामियान होडीकडे पळाला.
रायेनने विचारलं, लिफ्ट कुठाय?
म्हातारा एरिबेर्तो किल्ल्या घेऊन आला,
त्याच्या आधीच नोएमी आत.
कप्पा ओढला, सुऱ्या मोजल्या : सात.
एकेकीची धार अंगठ्यावर पाहिली.
पातेल्यांची बुडं. नळ. चुलीचं दार.
"एक कापत नाही," ती म्हणाली.
"सहा कापतात," म्हातारा म्हणाला.
शेवटी तिने खाटेवरच्या चादरीचा कोपरा उचलून पाहिला
आणि हसली. का, ते मला विचारता आलं नाही.

विलारिका मागे पडेपर्यंत गप्प होती.
मग म्हणाली,
"पुढच्या वर्षी दुसरं वल्हं तू आण.
आणि जाळी घासायचा काथ्या.
तो तुझ्या पिशवीत असेल,
माझ्या नाही."